दहा सेकंद, एक नॅनोग्रॅम : स्फोटकांचा माग काढणाऱ्या सूक्ष्म संवेदकाचा इतिहास

१/
१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली होती आणि त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर पाठोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मरण पावली. या स्फोटाचे कंप दूरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटले. हिमालयाच्या कुशीतल्या एका सुईला मुंबईत काहीतरी भयंकर घडल्याचे कळले होते. पण घडून गेल्यावर.

२/
स्फोट झाल्यानंतर त्याची नोंद घेणे माणसाला फार पूर्वीच साधले. पुढे १९६०च्या दशकात तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्राने कर्नाटकात गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांची मोठी मांडणी उभी केली आणि दूरदेशीच्या भूमिगत अणुचाचण्यांचे कंप तिथे टिपले जाऊ लागले. जितका स्फोट मोठा, तितके त्याला ओळखणे सोपे. अवघड आहे ते उलट काम : बंद पिशवीत, शांत पडून असलेले, अजून न फुटलेले स्फोटक ओळखणे. या थ्रेडचा विषय तेच काम आहे, आणि त्यासाठी पवईत घडवलेला केसाहून बारीक संवेदक.

३/
हा विषय मुंबईच्या उपनगरांना परका नाही. २ डिसेंबर २००२ : घाटकोपर स्थानकाजवळ बेस्टच्या बसमध्ये स्फोट. २७ जानेवारी २००३ : विलेपार्ले स्थानकाजवळ सायकलवर ठेवलेला बॉम्ब. १३ मार्च २००३ : मुलुंड स्थानकात शिरणाऱ्या लोकलमध्ये, महिलांच्या डब्यात. २८ जुलै २००३ : पुन्हा घाटकोपर, पुन्हा बेस्टची बस. आठ महिन्यांत चार स्फोट, आणि चारही वेळा जागा तीच : कामावरून घरी परतणाऱ्या माणसांची वाट.

४/
मग ११ जुलै २००६. संध्याकाळी ६.२४ ते ६.३५ या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या स्थानकांच्या परिसरात प्रथम वर्गाचे डबे फाटले. मृतांची संख्या सुमारे १८९, जखमी आठशेहून अधिक. त्या संध्याकाळी गाडीत चढलेल्या हजारो पिशव्यांपैकी सात पिशव्या वेगळ्या होत्या. त्या वेगळ्या आहेत हे कळण्याचा कोणता मार्ग तेव्हा उपलब्ध होता?

५/
सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू मार्ग म्हणजे कुत्र्याचे नाक. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बारा ठिकाणी बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मृत्युमुखी पडली. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे चोरून उतरवलेले आरडीएक्स त्यात वापरले गेले होते. जे फुटले त्याहून कितीतरी अधिक अजून शहरात आणि आसपास दडलेले होते. ते शोधण्याचे काम मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकावर आले. या पथकात ‘जंजीर’ नावाचा एक लॅब्रेडोर होता.

६/
१५ मार्च १९९३ रोजी धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधील स्फोटके जंजीरने हुंगून काढली. पुढील काळात त्याच्या नावावर जमा झालेली नोंद थक्क करणारी आहे : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. एका शहराने आपल्या प्राणांची हमी एका नाकावर सोपवली होती.

७/
कुत्र्याचे नाक यंत्रापेक्षा एका बाबतीत आजही सरस आहे : ते गंधाच्या उगमाकडे चालत जाते. मात्र त्याला मर्यादा आहेत. श्वान थकतो, त्याला ठरावीक काळाने विश्रांती द्यावी लागते. त्याचे प्रशिक्षण दीर्घ, आयुष्य अल्प. शिवाय त्याला काय कळले हे तो सांगू शकत नाही. तो बसतो किंवा थबकतो, आणि त्याचा अर्थ हँडलर लावतो. जंजीरची दुसरी प्रत काढता येत नव्हती. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा एका प्रश्नामागे लागल्या : नाक बनवता येईल का?

८/
या प्रश्नाची अडचण रसायनशास्त्रात आहे. वास येतो म्हणजे पदार्थाचे काही रेणू हवेत उडतात. अत्तराचे रेणू सहज उडतात. आरडीएक्सचे जवळपास उडतच नाहीत. साधारण तापमानाला टीएनटीचे बाष्प हवेच्या एक अब्ज रेणूंमागे काही रेणू इतकेच असते. आरडीएक्स त्याहूनही कंजूष : एक लाख कोटी रेणूंमागे जेमतेम काही. तेही उघड्यावर ठेवले तर. प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घातले की हवेत शोधण्यासारखे फारसे काही उरत नाही.

९/
यावर उपाय म्हणून एक विलक्षण आंतरराष्ट्रीय करार झाला. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबीवर पॅन अ‍ॅमचे विमान प्लास्टिक स्फोटकाने उडवले गेले आणि २७० माणसे मारली गेली. त्यानंतर १९९१ मध्ये माँट्रियल येथे ठरले की प्लास्टिक स्फोटके बनवणाऱ्यांनी त्यांत सहज उडणारे एक खूण-रसायन मिसळायचे. ज्याला वास नाही, त्याला कायद्याने वास दिला गेला! अर्थात हा नियम कारखान्यांना लागू झाला. चोरून, घरगुती पद्धतीने स्फोटके बनवणारा कोणत्याही करारावर सही करत नाही.

१०/
दुसरा उपाय अधिक साधा : बाष्पाच्या मागे न लागता कण शोधायचे. आरडीएक्स हवेत उडत नसले तरी हाताला चिकटते. ते हाताळणाऱ्याच्या बोटांवर, पिशवीच्या चेनवर, मुठीवर त्याचे सूक्ष्म कण राहतात आणि एका वस्तूवरून दुसरीवर जातात. कापडाच्या किंवा कागदाच्या पट्टीने पिशवी पुसायची, पट्टी यंत्रात तापवायची आणि सुटलेले रेणू ओळखायचे. विमानतळांवर सामान पुसून घेणारा कर्मचारी दिसतो, तो हेच करत असतो. तिथल्या बहुतेक यंत्रांमागे १९७०च्या सुमारास उदयाला आलेले तंत्र आहे : रेणूंना विद्युतभार द्यायचा, विद्युतक्षेत्रात पळवायचे आणि कोण किती वेळात पोहोचतो ते मोजायचे. तंत्र भरवशाचे, यंत्र महाग आणि बहुधा परदेशी.

११/
तिसरी वाट एका पातळ पट्टीतून निघाली. १९०९ मध्ये जी. जी. स्टोनी या शास्त्रज्ञाने दाखवले होते की पोलादाच्या पातळ पट्टीच्या एका बाजूवर धातूचा लेप चढवला की पट्टी किंचित वाकते. किती वाकली यावरून लेपातला ताण मोजता येतो. त्या काळी ही धातुलेपनातील एक बारीकशी बाब होती. तिचा स्फोटकांशी काडीचाही संबंध नव्हता. तो जुळायला तब्बल पंचाऐंशी वर्षे लागली.

१२/
१९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक साकारला. त्यात एक अतिसूक्ष्म पट्टी असते : एक टोक घट्ट बांधलेले, दुसरे मोकळे. तिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. तरणतलावावरची उडी मारण्याची फळी डोळ्यांसमोर आणावी. लांबी मात्र मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी आणि जाडी केसाच्या कित्येक पटींनी कमी. १९९४च्या सुमारास अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडमध्ये संशोधकांच्या लक्षात आले की ही पट्टी हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा हलते. सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टीने तो दोष होता. कोणीतरी विचारले : हा दोष हेच उपकरण का होऊ नये?

१३/
कल्पना अशी. पट्टीच्या एका बाजूला असा लेप द्यायचा की स्फोटकाचे रेणू त्याला चिकटावेत. रेणू चिकटले की त्या बाजूचा ताण बदलतो आणि पट्टी वाकते, स्टोनीच्या पोलादी पट्टीसारखीच. पट्टीच्या आत असा पदार्थ ठेवायचा ज्याचा विद्युतरोध वाकल्यावर बदलतो. मग वाकणे डोळ्यांनी पाहायची गरज उरत नाही. ते व्होल्टच्या आकड्यात वाचता येते. शेजारी लेप नसलेली एक पट्टी ठेवली की तापमान आणि आर्द्रतेचा परिणाम वजा करता येतो. वेगवेगळे लेप दिलेल्या अनेक पट्ट्या एकत्र ठेवल्या की प्रत्येक स्फोटकाचा स्वतंत्र ठसा मिळतो.

१४/
२००३ मध्ये अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूक्ष्म पट्टीवर टीएनटीचे रेणू जमू दिले, मग एकाएकी उष्णता वाढवली. रेणूंनी आपला स्वभाव दाखवला : ते पट्टीवरच भडकून जळाले. डोळ्यांना न दिसणारा, कानांना न ऐकू येणारा हा भडका पट्टीच्या हालचालीत मात्र स्पष्ट उमटला. मोठा स्फोट टाळण्यासाठी एक अतिसूक्ष्म स्फोट घडवून स्फोटकाची ओळख पटवायची, अशी ही युक्ती.

१५/
आता पवई. १९५८ मध्ये स्थापन झालेली आयआयटी मुंबई अंधेरी आणि कांजूरमार्ग यांच्या दरम्यान, तलावाकाठी आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने येथे आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची उत्कृष्टता केंद्रे उभी राहिली. लोकलमधील स्फोटही त्याच वर्षीचे. हा योगायोग आहे. एकातून दुसरे निघाले असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. तथापि, ज्या रुळांवर डबे फाटले त्यांपासून काही किलोमीटरवर नॅनो-आकाराच्या पट्ट्या घडवणारी प्रयोगशाळा उभी राहत होती, हे वास्तव आहे.

१६/
पवईतील गटाने सिलिकॉनच्या जोडीला ‘एसयू-८’ या पॉलिमरच्याही पट्ट्या बनवल्या. पॉलिमर सिलिकॉनपेक्षा कितीतरी पट लवचीक असतो. म्हणून तेवढ्याच ताणाला तो अधिक वाकतो. वाकण्याचे रूपांतर विद्युतसंकेतात व्हावे यासाठी त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण मिसळले गेले. या पट्ट्यांनी टीएनटीचे अब्जांशातील बाष्प ओळखल्याचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील शोध आणि पोलिसांच्या हातातील यंत्र यांच्यात मात्र मोठी दरी असते. प्रयोगशाळेत हवा स्वच्छ असते. मुंबईत जुलै महिना असतो.

१७/
ही दरी ओलांडण्यासाठी आयआयटीच्या ‘साइन’ या उद्योगसंवर्धन केंद्रात ‘नॅनोस्निफ टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी आकाराला आली. तिच्यामागे प्रा. व्ही. रामगोपाल राव यांच्यासारख्या संशोधकांचे काम होते. ९ एप्रिल २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री रमेश पोखरियाल ‘निशंक’ यांच्या हस्ते ‘नॅनोस्निफर’ या यंत्राचे अनावरण झाले. सूक्ष्म संवेदकावर आधारलेला जगातील पहिला स्फोटक-कण शोधक, अशी त्याची ओळख करून देण्यात आली. दावा : नॅनोग्रॅम इतके अल्प स्फोटक, दहा सेकंदांच्या आत, प्रकारासह ओळखणे.

१८/
एक नॅनोग्रॅम म्हणजे किती? साखरेचा एक दाणा घ्यावा आणि त्याचे काही लाख भाग करावेत. त्यांतला एक भाग. अनावरणाच्या बातमीत नॅनोग्रॅमचा आकडा ठळक होता. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य पुढे होते : हे यंत्र पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या चाचणीत उत्तीर्ण झाले होते आणि राष्ट्रीय सुरक्षा दलानेही त्याची चाचणी घेतली होती. या वाक्याचे मोल कळण्यासाठी एका दुसऱ्या ‘संवेदका’ची कथा सांगावी लागते. तो संवेदक पूर्णपणे काल्पनिक होता, तरीही हजारोंच्या संख्येने विकला गेला.

१९/
त्याचे नाव एडीई-६५१. पिस्तुलासारखी मूठ आणि तिला बिजागरीने जोडलेली अँटेना. बॅटरी नाही, चालवणाऱ्याच्या अंगातल्या स्थिर विजेवर ते चालते म्हणे. मुठीला जोडलेल्या कप्प्यात एक कार्ड सरकवायचे : स्फोटकासाठी एक, अमली पदार्थासाठी दुसरे. अंतराचा दावा थेट किलोमीटरांत. इराक सरकारने या वस्तूवर कोट्यवधी डॉलर खर्च केले आणि बगदादच्या नाक्यानाक्यांवर जवान ती हातात धरून गाड्यांसमोरून चालू लागले.

२०/
जानेवारी २०१० मध्ये बीबीसीने ते कार्ड केंब्रिजच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले. आत दुकानात चोरी रोखण्यासाठी कपड्यांना लावतात तसला स्वस्त टॅग निघाला. ओळखणारे काहीही नव्हते. या उपकरणाचे मूळ गोल्फचे हरवलेले चेंडू ‘शोधणाऱ्या’ सुमारे वीस डॉलरच्या एका गमतीच्या वस्तूत होते. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. तरीही बगदादच्या नाक्यांवरून ते हटवण्याचा आदेश जुलै २०१६ मध्ये निघाला, करादा भागातील स्फोटात तीनशेहून अधिक माणसे मेल्यानंतर.

२१/
ते उपकरण इतकी वर्षे टिकले कसे? अँटेना हलायची, हे खरे. चालवणाऱ्याचा हात नकळत कलतो आणि सैल बिजागरीतली अँटेना त्याच्या संशयाच्या दिशेने फिरते; पाणाड्याच्या हातातली काटकी फिरते, तशीच. म्हणजे यंत्र माणसाला त्याचाच संशय परत करत होते. ते उघडे पाडायला महागडी प्रयोगशाळा नको होती. दहा बंद डबे घ्या, एकात स्फोटक ठेवा, ते कुठे आहे हे चालवणाऱ्याला सांगू नका आणि पुन्हा पुन्हा विचारा. एवढी चाचणी खरेदीपूर्वी झाली असती तर असंख्य जीव वाचले असते. पुण्यातील चाचणीचे महत्त्व इथे कळते.

२२/
चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. १९८५ सालचा जून महिना. कॅनडातील टोरांटो विमानतळावर एअर इंडियाच्या प्रवाशांचे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र बंद पडले. पर्याय म्हणून ‘पीडी-४’ हा हातात धरायचा गंधशोधक वापरण्यात आला. एका बॅगेजवळ तो वाजला. वाजल्यावर काय करायचे, हे तपासणाऱ्यांना कोणी नीट सांगितलेलेच नव्हते. बॅग पुढे गेली. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर फुटले आणि ३२९ माणसे गेली.

२३/
त्या दिवशी वाजलेला आवाज बॉम्बचाच होता की त्या अविश्वसनीय यंत्राचा नेहमीचा गोंधळ, यावर वाद घालता येईल. पण यंत्र वाजले आणि माणसाने पुढे काहीच केले नाही, यावर वाद नाही. संवेदक फक्त संकेत देतो. संकेतानंतर बॅग उघडायची की नाही, विमान थांबवायचे की नाही, उशिराची जबाबदारी कोणी घ्यायची, याची उत्तरे कोणत्याही पट्टीच्या वाकण्यात सापडत नाहीत. ती आधी लिहून ठेवावी लागतात.

२४/
हेच गणित आता लोकलला लावून पाहावे. गच्च भरलेल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसे असतात. प्रत्येकाच्या सामानाला दहा सेकंद, यंत्र एक : पंचेचाळीस हजार सेकंद, म्हणजे साडेबारा तास. एका गाडीसाठी! उपनगरी रेल्वेने रोज सत्तर लाख प्रवासी जातात असे धरले आणि यंत्र हजारात एकदाच चुकते असे मानले, तरी दिवसाला सात हजार खोटे इशारे वाजतील. खत हाताळलेल्या माळ्याचे हात आणि हृदयरुग्णाची नायट्रोग्लिसरीनची गोळीही अशा यंत्रांना फसवू शकते. सात हजार निरपराध माणसांना रोज बाजूला घ्यायचे, तर त्यासाठी वेगळे पोलीस दल लागेल.

२५/
घाटकोपर स्थानकावर हा पेच एकाच इमारतीत दिसतो. ८ जून २०१४ पासून वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू आहे. तिच्या दारात प्रत्येक पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते. खाली मध्य रेल्वेच्या फलाटावर माणसे पूल, जिने आणि फलाटाची टोके अशा अनेक वाटांनी येतात. तिथे प्रत्येक पिशवी थांबवली तर शहरच थांबेल. प्रवासी तोच, पिशवी तीच. वर तपासलेली, खाली न तपासलेली. म्हणून पवईचा संवेदक लोकलच्या दारात बसणारा पहारेकरी ठरू शकत नाही. बेवारस बॅग सापडली, एखाद्या वाहनाचा संशय आला, तर तिथे पोहोचणाऱ्या पथकाच्या हातातले ते साधन आहे. श्वानाच्या जागी येणारे नव्हे, श्वान थबकल्यावर त्याच्या मदतीला येणारे.

२६/
या साधनाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो स्फोटानंतरचा. लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. अभियोग पक्षाला वापरलेल्या बॉम्बचा प्रकारही सिद्ध करता आलेला नाही, हे निकालातील एक निरीक्षण होते. प्रकरण त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली.

२७/
एकोणीस वर्षे. दोनशेच्या जवळ मृत्यू. आणि डब्यांत नेमके काय फुटले, हे न्यायालयाचे समाधान होईल अशा रीतीने सांगता आले नाही. स्फोटकाचे कण गोळा करणे, मोहोरबंद करणे, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले याची साखळी जपणे आणि कोणालाही पुन्हा तपासता येईल अशी नोंद ठेवणे हेही शोधाचेच काम आहे. ते ढिले राहिले तर मृतांना न्याय मिळत नाही आणि आरोपींना मिळालेली वर्षेही परत मिळत नाहीत. संवेदकाला आणि साक्षीदाराला विचारायचा प्रश्न शेवटी एकच : हे तुला कशावरून कळले?

२८/
सिमल्याच्या सुईपासून पवईच्या पट्टीपर्यंतचा प्रवास अधिकाधिक सूक्ष्म होत गेला आहे आणि पुढेही होत राहील. नॅनोग्रॅमच्या जागी उद्या त्याहून लहान आकडा येईल, दहा सेकंदांच्या जागी पाच. तशी बातमी आली की इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिला तीन प्रश्न विचारावेत. चाचणी कोणी घेतली, आणि उत्तर ठाऊक नसताना घेतली का? यंत्र वाजल्यावर काय करायचे हे कोणी लिहून ठेवले आहे का? आणि त्याची नोंद वीस वर्षांनी न्यायालयात उभी राहील का? बगदादमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला नाही, टोरांटोत दुसरा. तिसऱ्याची वाट मुंबईच्या उपनगरांतील काही घरे २००६ पासून पाहत आहेत.

(समाप्त)